डावी इकडे, उजवी तिकडे

कुलूपकाकांचा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. डोंगरावरच्या त्या हॉटेलात लोक सुट्टीला यायचे, दिवसभर बर्फावर घसरायचे, पडायचे, हसायचे, आणि संध्याकाळी आपापल्या स्की नि स्नोबोर्ड खांद्यावर टाकून तळघरातल्या स्कीखोलीच्या दारात उभे राहायचे. काका आधी पाहुण्याकडे बघायचे, मग त्याच्या हातातल्या स्कीकडे, मग परत पाहुण्याकडे. या तुमच्याच कशावरून, एवढं फक्त तोंडाने विचारत नसत. बावीस वर्षं ती खोली त्यांच्या ताब्यात होती. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल कुठेतरी, पण मालकीणबाईंपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना कुलूपकाकाच म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर काकांना ते आवडायचं.

खोली लांबट, बुटक्या छताची. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला बर्फात अर्धी बुडालेली खिडकी. दोन्ही लांब भिंतींना लाकडी खाचा, एकेका भिंतीला चाळीस. मधोमध ओले बूट वाळवायचे गरम हवेचे नळ, कोपऱ्यात स्कीच्या तळाला मेण लावायचं टेबल, आणि खिडकीखाली जुन्या, निकामी स्कींचा ढीग. तो ढीग हंगाम संपला की शाळेला द्यायचा, असं मालकीणबाई चार वर्षं म्हणत होत्या. ओली लोकर, मेण आणि शंभर माणसांचे पाय यांचा मिळून जो एक वास होतो, तो तिथे कायमचा मुक्कामाला होता. पाहुणे नाक धरायचे. काका म्हणायचे, वास आहे ते बरंय, चोर जास्त वेळ थांबत नाही.

नवा पाहुणा आला की काका त्याला आधी उपदेशाचा डोस पाजायचे. जेवायला उपाहारगृहात शिरताना दोन्ही स्की शेजारी शेजारी बर्फात खोचायच्या नाहीत. एक इथे, दुसरी पन्नास पावलं लांब. चोराला घाई असते, त्याला जोडी हवी असते, एकटी स्की घेऊन तो काय कपाळावर मारणार? स्नोबोर्ड एकच असतो, तो काही फोडता येत नाही, म्हणून त्याला तारेचं कुलूप, आणि तेही पायपट्ट्यातून नाही, कारण पट्टा सुरीने कापता येतो. गाडीच्या टपावर ठेवून जायचं नाही. फोटो काढून ठेवायचा, स्कीच्या अंगावरचा नंबर टिपून ठेवायचा. नवी कोरी असेल तर तिच्यावर एखादं भिकार स्टिकर चिकटवायचं, म्हणजे बघणाऱ्याचं मन उडतं. पाहुणे हो हो म्हणायचे आणि दुसऱ्याच दुपारी दोन्ही स्की एकत्र भिंतीला टेकवून सूप प्यायला जायचे. काका लांबून बघायचे आणि चडफडायचे. असल्या माणसांना सुट्टी द्यावीच का, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

हा संशय त्यांना जन्मतः चिकटलेला नव्हता बरं का. विशीत असताना थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन त्यांना एक जुनी जोडी घेऊन दिली होती. काका ती घेऊन डोंगरावर गेले, हात गरम करायला दहा मिनिटं आत शिरले, आणि बाहेर आले तर बर्फात नुसती दोन भोकं. भाऊ एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून काकांनी माणसांकडे बघायची पद्धतच बदलली. समोरून हसत येणारा माणूस दिसला की त्यांना आधी त्याचे हात दिसायचे.

स्कीखोली हाती आली तेव्हा त्यांनी तिथे आपली एक रीत बसवली. स्कीवर चिठ्ठी नाही, नोंदवही नाही. लिहिलेलं कुणीही वाचतं, हे त्यांचं ठाम मत. पाहुण्याला फक्त एक पितळी बिल्ला द्यायचा. बिल्ला पाच नंबरचा असेल तर जोडीतली एक स्की उजव्या भिंतीला, दारापासून मोजून पाचव्या खाचेत. दुसरी डाव्या भिंतीला, पण खिडकीपासून मोजून पाचव्या खाचेत. म्हणजे जोडी कधी समोरासमोरसुद्धा येत नसे. डावी इकडे, उजवी तिकडे. वास्तविक स्कीला डावं-उजवं काही नसतं, पण काका तसंच म्हणायचे. चोर शिरलाच, तर त्याने ऐंशी स्कींमधून जोड्या लावत बसायचं की पळायचं? बावीस वर्षांत त्या खोलीतून एकही जोडी गेली नव्हती, आणि ही रीत जगात दोनच माणसांना माहीत होती. एक काका, दुसरी त्यांची भाची.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांपूर्वी, एकविसाव्या वर्षी, ती मामाकडे राहायला आली आणि हॉटेलात कामाला लागली. अधूनमधून भाड्याच्या स्कींचा गल्ला, बाकी वेळ मामाच्या हाताखाली स्कीखोली. कमी बोलायची. हात मात्र असा चालायचा की मेण लावलेली स्की तिच्याकडून घेताना पाहुणे तिच्यावरून बोट फिरवून बघायचे. काका तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत, पण आपल्यामागे खोली हिच्याकडे जाणार, हे त्यांनी मनात धरून ठेवलेलं. तरीसुद्धा पहिले दोन महिने ते रोज घरी निघताना तिची पिशवी तपासायचे, हे काकू अजून हसून हसून सांगायच्या.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि त्या हिवाळ्यात काहीतरी बिनसलं.

आधी एक जाडगेले गृहस्थ सकाळी स्की घेऊन गेले आणि पाव तासात लंगडत परत आले. शंभर पावलांत तीनदा आपटले होते. बघतात तर एक स्की त्यांची आणि दुसरी चार बोटं लांब, भलत्याचीच. काकांनी त्यांनाच झापलं, की काल बाहेरून बदलून आणली असणार, इथून असं होणं शक्य नाही. आठवड्याने दोघी बहिणींच्या स्कींची अदलाबदल झाली. मग एकाची स्की सापडेना म्हणून अर्धा तास गेला आणि ती शेजारच्याच खाचेत निघाली. काकांच्या मनात पाल चुकचुकली. आपण ठेवलेली वस्तू आपण ठेवली तिथे नाही, म्हणजे तिला कुणाचा तरी हात लागतोय. दुसरं काय असणार?

त्यांनी संशयितांची यादी काढली, म्हणजे अर्थात मनातल्या मनात. पहिला नंबर वायरमनचा. कारण खोलीतले दिवे कुणीतरी बदलून मिणमिणते लावले होते, याबद्दल काकांना खात्री होती. वायरमनने शपथेवर सांगितलं की दिवे तेच आहेत, मागच्या वर्षीचेच. तो इतका ठामपणे बोलला तिथेच काकांना तो खोटा वाटला. दुसरा नंबर पाववाल्याचा. तो रोज सकाळी मागच्या दाराने यायचा आणि स्कीखोलीवरून स्वयंपाकघरात जायचा. काकांनी त्याला तो रस्ता बंद केला. पाववाला चिडून टोपली बर्फातच ठेवून जायला लागला आणि आचारी काकांच्या नावाने बोटं मोडायला लागला. तिसरा नंबर बर्फावर शिकवणाऱ्या मास्तरांचा, कारण ते काकांशी फार गोड बोलायचे.

घरीही हाच प्रकार. चहा बशीत सांडला की कपाचा कान वाकडा. वर्तमानपत्रवाले शाई चोरतात, नाहीतर अक्षरं एवढी पुसट कशी? काकूंनी एकदा सरळ म्हटलं, डोळे दाखवून या. काका म्हणाले, तुला हे कुणी शिकवलं? काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, आता माझ्यावर संशय घ्यायचा तेवढा राहिलाय, तोही उरकून टाका. हे भांडण तिथेच मिटलं, कारण काका दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

आणि मग डॉक्टरीणबाई आल्या. आठवडाभराच्या सुट्टीला, एकट्या, गडद हिरव्या रंगाच्या नव्या कोऱ्या स्की घेऊन. काकांनी भिकार स्टिकर चिकटवायचा सल्ला दिला तर त्या खळखळून हसल्या. बुधवारी संध्याकाळी त्यांनी जोडी काकांच्या हातात दिली. गुरुवारी सकाळी बिल्ला पुढे केला, तर उजव्या भिंतीची स्की जागेवर आणि डाव्या भिंतीची खाच रिकामी. काकांनी शेजारच्या खाचा बघितल्या. मग सगळी भिंत. बुटांचे नळ, टेबलाखाली, दारामागे. भाची खिडकीखालच्या ढिगाकडे वळली तर तिला थांबवून तोही त्यांनी स्वतःच्या हाताने उपसला. पायाखालची जमीन सरकली हो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मालकीणबाई खाली आल्या. बाई वाईट नव्हत्या, पण हॉटेल चालवायचं तर मऊ राहून भागत नाही. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाई जाणार आहेत. तोपर्यंत स्की मिळाली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून ही खोली बंद. पाहुण्यांसाठी आकडे जुळवून उघडणारी लोखंडी कपाटं बसवायची, तो माणूस माप घेऊनसुद्धा गेलाय. “मग काका, तुम्ही आणि तुमची भाची, दोघांनाही माझ्याकडे काम राहणार नाही. मला वाईट वाटतं, पण नाही राहणार.”

माप घेऊनसुद्धा गेलाय! कधी आला, कधी गेला, काकांना पत्ता नव्हता. म्हणजे कपाटवालाही यादीत गेला. पण यादी कितीही लांबली तरी हातात दोनच दिवस होते. काका त्या दुपारी मेणाच्या टेबलाशी बसले आणि विचार करायला लागले. चोराने एकच स्की का नेली? दोन का नाही? आणि मग त्यांच्या अंगावर काटाच आला. आज एक, आठवड्याने दुसरी. मधल्या काळात सगळे म्हणणार, नजरचूक झाली असेल, मिळेल. स्की इकडच्या तिकडे होत होत्या ती सगळी चोराची तालीम होती. आपलीच रीत चोराने आपल्यावर उलटवली. पण त्यासाठी जोडीतली दुसरी कुठल्या खाचेत असते हे माहीत पाहिजे. वायरमनला ते माहीत नाही. पाववाल्याच्या बापाला माहीत नाही. ते माहीत असलेली दोनच माणसं, आणि त्यातला एक मी.

हे मनात आलं तेव्हा भाची त्यांच्यासमोरच बूट नळांवर उलटे घालत होती. काकांनी तो विचार झटकला. तो परत आला. आता एकदा मनात शिरलेला संशय बाहेर कसा काढायचा, ही कला काकांना कुठून येणार? त्यांनी तिच्या सहा वर्षांची उलटतपासणी सुरू केली. ही एवढी कमी का बोलते? आपल्या आधी पाऊण तास कामावर का येते? परवा आपण आत शिरल्यावर हिने पटकन काहीतरी मेणाच्या डब्यामागे का सरकवलं?

शुक्रवारी ते तिच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवून होते. ती डाव्या भिंतीशी गेली की हे उठायचे. ती थबकायची, विचारायची, मामा काही हवंय का? हे म्हणायचे, नाही. दिवसभर हेच. संध्याकाळी ती खिडकीखाली केर काढत होती आणि बराच वेळ वाकून राहिली. काका जवळ गेले तर सरळ झाली. रात्री घरी तिघं जेवायला बसली. काकूंनी दोघांकडे बघून विचारलं, कुणाचं काय बिघडलंय? भाची म्हणाली, काही नाही मामी. काका भात कालवत राहिले. मनातून मात्र ते हरलेले होते. एवढ्या वर्षांत त्यांनी कितीजणांवर संशय घेतला असेल, पण एकही खरा निघावा असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि हा तर खोटाच निघावा, असं मनाशी म्हणत ते ताट तसंच टाकून उठले.

शनिवारी काका रोजच्यापेक्षा तासभर आधी निघाले. तरीही भाची त्यांच्या आधीच गेलेली होती. उजाडलं होतं. त्यांनी स्कीखोलीचं दार आवाज न करता लोटलं. खिडकीतून येणाऱ्या बर्फाच्या उजेडात ती उभी होती, आणि तिच्या हातात लांब, हिरवं असं काहीतरी होतं.

“मामा, मी जागेवर ठेवत होते,” ती म्हणाली.

काकांनी विचारलं, कुठून आणलीस? तिने स्की खाचेत टेकवली. परत विचारलं, दोन दिवस कुठे होती ही? काकांनी मेणाच्या डब्यांमागे हात घातला आणि हाताला एक वही लागली. छोटी, खिशात मावणारी. उघडली तर पानोपान मुंग्यांसारखं बारीक लिहिलेलं. सगळं वाचायची गरजच काय होती? मोठ्ठे काढलेले काही आकडे तेवढे त्यांना लागले, आणि ते बिल्ल्यांचे नंबर होते. ज्या खोलीत एक अक्षर लिहायचं नाही असा बावीस वर्षांचा दंडक, तिथे कोणाची स्की कुठे आहे हे हिने सगळं उतरवून ठेवलेलं. काकांची तळपायाची आग मस्तकात गेली. “चोर,” ते म्हणाले. “माझ्याच घरात राहून चोर.” आणि वही खिशात घालून, तिला पुढे घालून ते वरच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या खोलीत गेले.

मालकीणबाईंच्या खोलीला मोठी काच होती, आणि तिच्याबाहेर सगळा डोंगर पांढराशुभ्र तळपत होता. भाची काचेशी पाठ करून उभी राहिली. काकांनी झालं ते सगळं सांगितलं. पाळत, हिरवी स्की, मेणाचे डबे. सांगताना ते मधून मधून तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडावरची रेघसुद्धा हलत नव्हती. एवढी निर्ढावलेली कधी झाली ही, असं त्यांना वाटलं. मालकीणबाईंनी तिला विचारलं, काका म्हणतात ते खरं का? स्की तुझ्या हातात होती? ती हो म्हणाली. कुठून आणलीस? त्यावर काही नाही.

काकांनी वही टेबलावर ठेवली. म्हणाले, ती नाही बोलणार, पण ही बोलेल. वाचा बाई, सगळं कारस्थान आहे त्यात.

तेव्हा भाची पहिल्यांदा पुढे झाली. “बाई, ती वाचू नका. मी काम सोडते. आजच जाते. चोरी माझ्या नावावर लिहा, पण वही मला द्या.”

“बघितलंत?” काका म्हणाले.

मालकीणबाईंनी वही उचलली. चष्मा लावला. आणि शेवटचं लिहिलेलं पान काढून, काकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

“शुक्रवार. डॉक्टरीणबाईंची दुसरी स्की सापडली. खिडकीखालच्या जुन्या ढिगात. बुधवारी मामांनी खाच समजून तिकडे खोचली असणार. काल त्यांनी ढीग उपसला तेव्हा ती हातात घेऊन बाजूला ठेवली, तरी त्यांना कळलं नाही. आत्ता काढली तर बघतील. उद्या सकाळी ते यायच्या आत जागेवर ठेवायची, म्हणजे त्यांनाच सापडेल.”

बाईंनी मागचं पान उलटलं. आता त्यांचा आवाज खाली गेला होता. तेरा नंबरची अठरामध्ये ठेवली, बदलली. सहाची डावी सातमध्ये, बदलली. आज मामांनी बिल्ला डोळ्याशी नेऊन वाचला. आज बिल्ला न वाचताच स्की काढून दिली, पाहुण्याने घेतली, मी बाहेर पळत जाऊन बदलून दिली, पाहुण्याला वाटलं मी मेण लावायला मागतेय. आज पाच चुकल्या. आज एकही नाही. आज सात. बाईंनी आणखी चार पानं मागे चाळली, मग सरळ पहिलं पान उघडलं. तिथली तारीख मागच्या हंगामाची होती. त्या थांबल्या. म्हणाल्या, काका, पुरे करू का?

“वाचा,” काका म्हणाले.

“‘मामांना कमी दिसायला लागलंय,’” बाईंनी वाचलं. “‘मालकीणबाईंना कळलं तर खोली जाईल. मामा त्या खोलीशिवाय राहू शकणार नाहीत. कुणाला कळू द्यायचं नाही. त्यांनासुद्धा.’”

काका उभे होते तिथेच उभे राहिले. वायरमनचे दिवे तेच होते. वर्तमानपत्रवाल्यांची शाई तीच होती. बिचाऱ्या पाववाल्याने तीन आठवडे टोपल्या बर्फात ठेवल्या. ऐंशी खाचा, सगळ्या जगावर पाळत, आणि ज्या दोन डोळ्यांनी ती ठेवायची त्यांच्यावर कधी एकदा, एकदासुद्धा संशय घेतला नाही. घेतला नाही की घ्यायचा नव्हता? काकूंनी सांगितलं होतं. त्यांनी स्वतःला कितीदा सांगता सांगता थांबवलं होतं, हे त्यांचं त्यांना माहीत.

“बाई,” ते म्हणाले, “मला दिसत नाही.”

हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, आणि ते एवढं छोटं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग ते भराभर बोलले. खोली बंद करायची असेल तर करा, पण हिला काढू नका. आणि बंद करणार नसाल तर ती हिलाच द्या, ती वर्षभर हीच चालवतेय. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, कपाटवाल्याला मी नको म्हणून कळवते. स्की डॉक्टरीणबाईंना आधी नेऊन द्या कुणीतरी. आणि तुम्ही सोमवारी डोळे दाखवायला जायचं, हे मी विचारत नाहीये, सांगतेय.

काकांनी मान हलवली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना भाचीचं तोंड बघायचं होतं. ती काचेशी उभी होती, जेमतेम चार पावलांवर, आणि मागच्या त्या पांढऱ्या उजेडात तिच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना नुसता एक डाग दिसत होता. मघापासून तोच दिसत होता. त्याच डागाला ते मनात निर्ढावलेली म्हणाले होते. ते एक पाऊल पुढे गेले. अजून काही दिसेना. आणखी एक. आणखी एक. अगदी वीतभर अंतरावर पोचले तेव्हा त्यांना दिसलं, की तिचे गाल गळ्यापर्यंत ओले आहेत, आणि ते आत्ताचे नाहीत, ती खोलीत आल्यापासून रडते आहे.

“मी तुला चोर म्हणालो,” काका म्हणाले.

“हो मामा,” ती म्हणाली.